ऑपरेशन करू की नको? पुरावा अपुरा असताना प्रश्न कसा मांडायचा



'लिटरेचर रिव्ह्यू नक्की करायचा कसा?' हा प्रश्न पेट देऊन पीएचडीला येणारे जवळजवळ सगळेच विचारतात. आजवर मी उत्तरात वनस्पतींची उदाहरणं देत आले, कारण माझा विषय तोच. आजचं उदाहरण म्हणजे माझा डावा पाय.

मला शार्को-मारी-टूथ नावाचा चेतातंतूंचा आनुवंशिक विकार आहे. इंग्रजी आद्याक्षरांवरून त्याला सीएमटी म्हणतात. गेल्या वर्षी एका सर्जननी मला सांगितलं, "पायाचं ऑपरेशन लवकर करून घ्या." दुसऱ्यांनी सांगितलं, "आत्ता अजिबात गरज नाही." दोघंही अनुभवी. घरी बाबांचा तर 'ऑपरेशन' या शब्दालाच विरोध. मग मी आपल्याला जे शिकवलेलं असतं तेच केलं, पेपर वाचायला बसले. चार महिने गेले. त्या चार महिन्यांत मी निर्णयापर्यंत कशी आले आणि त्यातून संशोधनाबद्दल काय शिकले, ते आज सांगते.

एक खुलासा आधीच करते. मी डॉक्टरेट करतेय, डॉक्टर नाही. तुम्हाला किंवा घरात कुणाला हा विकार असेल तर माझा निर्णय उचलू नका. प्रश्न विचारायची पद्धत मात्र खुशाल उचला.

आधी पाय असा का होतो ते बघू

१८८६ साली पॅरिसमध्ये शार्को आणि त्यांचे शिष्य पिएर मारी यांनी या विकाराचं वर्णन केलं. त्याच वर्षी इंग्लंडमध्ये हॉवर्ड टूथ यांनीही केलं, आणि ते कशात, तर केंब्रिजला सादर केलेल्या आपल्या प्रबंधात. प्रबंध कोण वाचतं असं म्हणणाऱ्यांनी हे लक्षात ठेवा.

याचे प्रकार बरेच आहेत. माझा प्रकार सगळ्यात जास्त आढळणारा, १ए. आपल्या १७ व्या गुणसूत्रावर पीएमपी२२ नावाचं जनुक असतं. चेतातंतूंभोवती मायलिनचं जे आवरण असतं, त्यातल्या एका प्रथिनाची कृती या जनुकात असते. सर्वसाधारण माणसात त्याच्या दोन प्रती असतात, माझ्यात तीन. हे दुप्पटीकरण १९९१ साली सापडलं. एक जास्तीची प्रत एवढाच काय तो फरक, पण त्यामुळे मायलिन नीट बनत नाही आणि संदेश मंदावतात. हाताच्या चेतातंतूतून संदेश सेकंदाला साधारण ५० मीटर किंवा त्याहून जास्त वेगाने जायला हवा. माझ्या रिपोर्टमध्ये तो आकडा २१ आहे. आई किंवा वडील यांपैकी एकाला हा विकार असेल, तर प्रत्येक मुलाला तो येण्याची शक्यता निम्मी असते. बाबांना आहे, आत्याला आहे, मला आहे. माझ्या भावाला नाही.

सगळ्यात लांबचे चेतातंतू आधी दुबळे होतात, म्हणून सुरुवात पावलांपासून होते. गंमत अशी की सगळे स्नायू सारखे दुबळे होत नाहीत. पाऊल वर उचलणारा नडगीसमोरचा स्नायू (टिबियालिस अँटेरियर) आणि पाऊल बाहेरच्या बाजूला वळवणारा पेरोनियस ब्रेव्हिस हे आधी जातात. पेरोनियस लाँगस आणि टिबियालिस पोस्टेरियर हे त्यामानाने टिकून राहतात. रस्सीखेचीत एका बाजूचे गडी निघून गेले की दोर दुसरीकडे जाणारच. पेरोनियस लाँगस अंगठ्यामागचं हाड खाली दाबत राहतो, टिबियालिस पोस्टेरियर पाऊल आत ओढत राहतो, आणि तळव्याची कमान उंच होत जाते.

आता पाऊल म्हणजे एक तिवई समजा. एक टेकू टाच, दुसरा अंगठ्याचं मूळ, तिसरा करंगळीचं मूळ. अंगठ्याकडचा टेकू लांब झाला तर तिन्ही टेकू जमिनीला लागायला तिवईला कलावं लागतं. म्हणून टाच आत कलते आणि सगळं वजन पावलाच्या बाहेरच्या कडेवर येतं. तिथे घट्टे पडतात, आणि घोटा सारखा मुरगळतो.

माझं काम सड्यांवर असतं. सह्याद्रीतल्या जांभ्याच्या पठारांवर पावसाळ्यात जी छोटी छोटी फुलं येतात, त्यांच्या वनस्पतींवर माझा प्रबंध आहे. जांभा दगड पावसाळ्यात शेवाळलेला, वर खड्डे, खाचा, पाण्याची डबकी. निरोगी पायांचीही तिथे परीक्षा होते. म्हणजे 'पाय मुरगळतो' ही माझ्यासाठी फक्त तब्येतीची तक्रार उरत नाही, तिच्यावर माझा डेटा अवलंबून आहे.

बाबांचा पाय

बाबांचं ऑपरेशन १९८८ साली झालं. तेव्हा ते एकोणीस वर्षांचे होते. गावात सगळे त्याला पोलिओच म्हणायचे. ऑपरेशननंतर पाय सरळ झाला, बाबा नोकरीला लागले, पंधराएक वर्षं बरी गेली. मग घोटा दुखायला लागला. आज ते काठी घेऊन चालतात आणि जिना टाळतात.

त्यामुळे मी विषय काढला तेव्हा बाबा एवढंच म्हणाले, "माझं बघतेस ना रोज? मग विचारतेस कशाला?"

याला आपण संशोधनात एका रुग्णाचा पुरावा म्हणतो आणि सहज बाजूला सारतो. तसं करू नका. घरातला पुरावा भावनिक असतो हे खरं, पण तो पस्तीस वर्षांहून जास्त काळाचा फॉलो-अप असतो, आणि इतका लांबचा फॉलो-अप पेपरमध्येही क्वचितच मिळतो. विचारायला हवं ते वेगळंच होतं. बाबांचं जे झालं, तेच माझं होणार आहे का?

आईने ट्रंकेतून जुनी फाईल काढून दिली. डिस्चार्ज कार्डावर तीन शब्द होते: 'ट्रिपल आर्थ्रोडेसिस, डावा.' मला सुचवलेल्या ऑपरेशनचं नाव हे नव्हतं. दोन्हींना घरात 'पायाचं ऑपरेशन' असंच म्हटलं जात होतं, एवढंच.

पहिला प्रश्नच चुकला होता

सुरुवातीला मी सर्चमध्ये टाकलं होतं: 'सीएमटीमध्ये शस्त्रक्रिया फायद्याची आहे का?' शेकडो पेपर आले, आणि काय वाचू कळेना. नवीन विद्यार्थ्यांचं नेहमी हेच होतं. वाचन कमी पडत नाही, प्रश्न मोठा पडतो.

आरोग्यविज्ञानात प्रश्नाचे चार तुकडे करतात: कोणता रुग्ण, कोणता उपाय, कशाच्या तुलनेत, आणि कोणता परिणाम मोजायचा. मी माझ्या प्रश्नाला या चार कप्प्यांत बसवलं.

रुग्ण: १ए प्रकार, अठ्ठावीस वर्षं, पाऊल वाकडं पण अजून लवचीक.

उपाय: सांधे न जोडता केलेली दुरुस्ती. म्हणजे तळव्याचा घट्ट पडदा सैल करणं, अंगठ्यामागच्या हाडाला काप देऊन ते वर उचलणं, आणि काही कंडरा एका जागेवरून काढून दुसरीकडे जोडणं. कंडरा म्हणजे स्नायूला हाडाशी बांधणारा दोर, टेंडन.

तुलना: ऑपरेशन न करता एएफओ, म्हणजे बुटात बसणारा पोटरीपर्यंतचा प्लास्टिकचा आधार, आणि फिजिओथेरपी.

परिणाम: इथे मी अडखळले. डॉक्टरांच्या पेपरमध्ये परिणाम म्हणजे एक्स-रेमधले कोन. माझ्यासाठी परिणाम म्हणजे सड्यावर सहा तास काम करून घोटा न मुरगळता परत येणं. शिवाय पन्नाशीत बाबांसारखा घोटा न होणं. एक परिणाम आजचा, दुसरा पंचवीस वर्षांनंतरचा.

'लवचीक' हा शब्द मी कुठून आणला, तर एका साध्या तपासणीतून. १९७७ साली कोलमन आणि चेस्नट यांनी ती मांडली. साधारण इंचभर जाडीच्या लाकडी ठोकळ्यावर टाच आणि पावलाची बाहेरची कड ठेवायची, अंगठ्याकडची बाजू ठोकळ्याबाहेर खाली सुटू द्यायची, आणि मागून टाच बघायची. टाच सरळ झाली तर ती मुळात लवचीक आहे, तिला कलायला भाग पाडतोय तो पुढचा टेकू. सरळ झाली नाही तर टाच कडक झालेली आहे आणि तिच्यावर वेगळं काम करावं लागेल. एवढ्याशा ठोकळ्यावरून ऑपरेशनचा प्रकार बदलतो. महागड्या यंत्राशिवाय नेमका प्रश्न कसा विचारावा, याचं इतकं सुंदर उदाहरण मला आमच्या विषयातही सापडलं नाही.

माझी टाच जवळजवळ सरळ झाली.

दोन पेपर, आणि त्यांच्यामधला खड्डा

प्रश्न लहान झाल्यावर कामाचे पेपर हाताच्या बोटांवर आले. त्यातले दोन सांगते.

पहिला वेटमोर आणि ड्रेनन यांचा, १९८९ सालचा. सीएमटी असलेल्या १६ रुग्णांच्या ३० पावलांवर ट्रिपल आर्थ्रोडेसिस झालेली होती, म्हणजे घोट्याखालचे तीन सांधे कायमचे जोडून टाकलेले. सरासरी २१ वर्षांनी त्यांना पुन्हा तपासलं, तर ३० पैकी १४ पावलांचा निकाल वाईट या वर्गात होता. फक्त दोन उत्तम होती. याचं कारण समजायला सोपं आहे. खालचे सांधे हलायचे बंद झाले की त्यांचा भार घोट्यावर आणि आजूबाजूच्या सांध्यांवर येतो आणि ते झिजतात. शिवाय स्नायूंची ओढाताण तशीच चालू राहते.

हा पेपर वाचताना मी साल दोनदा बघितलं. बाबांचं ऑपरेशन १९८८ चं, पेपर १९८९ चा. ज्या डॉक्टरांना बाबा इतकी वर्षं मनातल्या मनात दोष देत होते, त्यांच्यासमोर हा पुरावा आलेलाच नव्हता.

दुसरा पेपर वॉर्ड आणि सहकाऱ्यांचा, २००८ सालचा, अमेरिकेतल्या आयोवा विद्यापीठातून आलेला. २५ रुग्ण, ४१ पावलं, सरासरी २६ वर्षांचा फॉलो-अप. इथे पावलं लवचीक होती आणि सांधे जोडलेले नव्हते. हाड वर उचलणं, तळव्याचा पडदा सैल करणं, पेरोनियस लाँगस हा ब्रेव्हिसला जोडणं, अशी माझ्या यादीशी बरीच जुळणारी दुरुस्ती. काहींना पुढे आणखी छोटी-मोठी ऑपरेशन्स लागली, पण ट्रिपल आर्थ्रोडेसिस एकालाही लागली नाही. सांध्यांची झीजही त्या जुन्या ऑपरेशनच्या मानाने कमी दिसली.

मग झालं की! दुसरं ऑपरेशन चांगलं, पहिलं वाईट. मीही असंच लिहून गाईडना दाखवलं. मॅडमनी फक्त विचारलं, "दोन्ही पेपरमधले पाय सारखे होते का?"

नव्हते. सांधे जोडण्याचं ऑपरेशन सहसा जास्त वाकड्या, कडक झालेल्या पावलांवर करतात. लवचीक पावलांवर दुसरं. म्हणजे निकालातला फरक ऑपरेशनमुळे पडला की मुळात पायच वेगळे होते म्हणून पडला, हे दोन पेपर शेजारी ठेवून ठरवता येत नाही. आजाराच्या तीव्रतेनुसार उपाय निवडला जातो आणि मग तीव्रतेचं श्रेय किंवा दोष उपायाला मिळतो. निरीक्षणावर आधारलेल्या संशोधनातला हा सगळ्यात जुना सापळा आहे.

आणखी दोन गोष्टी बघून ठेवा. ३० पावलं म्हणजे ३० माणसं नव्हेत. एकाच माणसाचे दोन पाय एकाच जनुकाचे, एकाच वजनाचे, बहुतेकदा एकाच सर्जनच्या हातचे. त्यांना स्वतंत्र नमुने धरलं तर आपल्याला वाटतो त्यापेक्षा पुरावा कमी असतो. आमच्याकडे एका सड्यावरचे वीस चौकट-नमुने म्हणजे वीस सडे नव्हेत, तसंच हे. दुसरी गोष्ट, आयोवाच्या रुग्णांचं ऑपरेशनच्या वेळचं सरासरी वय साधारण पंधरा-सोळा होतं. माझं अठ्ठावीस. त्यांचा निकाल मला किती लागू पडतो, हे पेपर सांगत नाही, ते मला ठरवावं लागतं.

मग चांगली ट्रायल का करत नाहीत?

हा प्रश्न तुमच्या मनात आला असेलच. चिठ्ठ्या टाकून अर्ध्यांना ऑपरेशन द्यावं, अर्ध्यांना नाही, आणि बघावं.

सीएमटीमध्ये अशी ट्रायल औषधाची झाली आहे. २००४ साली उंदरांवर क जीवनसत्त्वाचा चांगला परिणाम दिसला आणि जगभर आशा निर्माण झाली. मग इटली आणि ब्रिटनमध्ये १ए प्रकारच्या २७१ प्रौढ रुग्णांवर दोन वर्षांची ट्रायल झाली. निम्म्यांना खरी गोळी, निम्म्यांना खोटी. २०११ साली निकाल आला: फरक नाही. निराशा झाली, पण उत्तर स्वच्छ मिळालं. मूळ दोष दुरुस्त करणारं औषध हातात नाही, म्हणूनच तर चर्चा पायाच्या हाडांपाशी येऊन थांबते.

ऑपरेशनचं असं करता येणं फार अवघड आहे. खोटी गोळी देता येते, पण हाडाला खोटा काप देऊन दीड महिना प्लास्टर कोण घालून घेईल? रुग्ण मोजके, प्रत्येकाचं पाऊल वेगळं, आणि खरा निकाल वीस वर्षांनी कळणार. एवढ्या काळाची फेलोशिप कोण देतं? २००७ साली उंच कमानीच्या पावलांवरच्या उपचारांचा कोक्रेन आढावा निघाला, त्यात निकषांत पूर्ण बसणारी एकच ट्रायल सापडली. तीही पायाच्या मापाने बनवलेल्या बुटातल्या सोलची, शस्त्रक्रियेची नाही. २०२० साली तज्ज्ञ सर्जनच्या एका गटाने सीएमटीच्या शस्त्रक्रियेबद्दल एकमताचं निवेदन प्रसिद्ध केलं. शक्य तिथे सांधे वाचवा, असा त्याचा कल आहे. ते माझ्या खूप कामी आलं, पण पुराव्याच्या उतरंडीत तज्ज्ञांचं मत सगळ्यात खालच्या पायरीवर असतं हेही विसरायचं नाही.

इथे एक वाक्य वहीत लिहून ठेवा: 'पुरावा नाही' आणि 'फायदा नाही' ही दोन वेगळी विधानं आहेत. व्हायवात ही गल्लत फार वेळा पकडली जाते.

वेल्लोरवरून आलेली कंडरा

सुचवलेल्या यादीत आणखी एक गोष्ट होती. टिबियालिस पोस्टेरियरची कंडरा पावलाच्या आतल्या बाजूने सोडवून वरच्या बाजूला आणायची. म्हणजे पाऊल आत ओढणारा गडी फोडून आपल्या बाजूने, पाऊल उचलायच्या कामाला लावायचा. आयोवाच्या यादीत ही नव्हती, म्हणून मी हिचा वेगळा शोध घेतला आणि थेट आपल्याच देशात येऊन पोचले.

कुष्ठरोगात गुडघ्याजवळची नस निकामी झाली की पाऊल लोंबतं. वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात पॉल ब्रँड यांनी स्वातंत्र्याच्या आसपासच्या काळात कुष्ठरुग्णांच्या हातापायांवर कंडरा बदलण्याच्या शस्त्रक्रिया सुरू केल्या. १९६८ साली एच. श्रीनिवासन आणि सहकाऱ्यांनी लोंबत्या पावलासाठी याच कंडरेची दोन शेपट्या करून ती पावलावर जोडण्याची पद्धत प्रसिद्ध केली. ज्या आजाराकडे समाजाने पाठ फिरवली होती, त्या आजाराच्या रुग्णांमुळे भारतीय सर्जनचा या कंडरेवर हात बसला.

मला फार अभिमान वाटला, आणि लगेच शंकाही आली. कुष्ठरोगात उपचारांनंतर नसेचं नुकसान सहसा तिथेच थांबतं, आणि टिबियालिस पोस्टेरियरची नस वेगळी असल्यामुळे तो स्नायू अनेकदा धडधाकट असतो. सीएमटीत विकार हळूहळू का होईना, पुढे सरकत राहतो. शिवाय जागा बदललेला स्नायू साधारण एक श्रेणी ताकद गमावतो असं मानतात. आज पाचपैकी चार श्रेणीचा स्नायू हलवला तर तो तीनचा होईल, आणि दहा वर्षांनी? तंत्र एका आजारातून दुसऱ्यात नेता येतं, निकाल तसाच नेता येत नाही. उंदराकडून माणसाकडे जाताना क जीवनसत्त्वाचं जे झालं, त्याच जातीची ही शंका.

ही शंका मी पहिल्या सर्जनना बोलून दाखवली. ते रागावले नाहीत. म्हणाले, "बरोबर आहे. म्हणून ताकद आहे तोवर करायचं म्हणतोय. ती कंडरा नुसती काढली तरी आत ओढणं थांबतं, उचलायला मदत झाली तर तो बोनस समजा." हे उत्तर मला एकाही पेपरमध्ये मिळालं नव्हतं.

दोन डॉक्टर, दोन प्रश्न

मग मी दोन्ही सर्जनचे सल्ले समोरासमोर लिहिले, आणि लक्षात आलं की त्यांच्यात भांडण नव्हतंच. दुसऱ्या सर्जननी मला चालायला लावलं होतं आणि विचारलं होतं, "दुखतं का? रोजचं जमतंय ना?" दुखत नव्हतं, जमत होतं. त्यांनी उत्तर दिलं ते आजच्या प्रश्नाचं. पहिल्यांनी ठोकळ्यावर उभं केलं होतं. त्यांनी उत्तर दिलं ते दहा वर्षांनंतरच्या प्रश्नाचं: पाऊल कडक झालं की हाच सोपा पर्याय उरणार नाही, आणि मग बाबांच्या ऑपरेशनच्या दिशेने जावं लागेल.

म्हणजे 'थांबणं' हाही एक उपाय आहे आणि त्यालाही किंमत आहे. आपण थांबण्याला शून्य धरतो, ते चूक आहे.

ऑपरेशनची किंमतही लिहिली. साधारण सहा आठवडे त्या पायावर भार नाही. पुढे काही महिने फिजिओ, पूर्ण सावरायला वर्षही लागू शकतं. जखम चिघळणं, हाड नीट न जुळणं, वाकडेपणा परत येणं, हे धोके आहेतच. आणि चेतातंतू आहेत तसेच राहणार. ऑपरेशन पावलाचा आकार बदलतं, आजार नाही.

शेवटी मी आपल्या क्षेत्रातलं सगळ्यात साधं काम केलं, नोंदी. तीन महिने खिशात छोटी वही ठेवली. कोणता पाय, कुठे, कधी मुरगळला. डावा ११ वेळा, उजवा २ वेळा. अकरापैकी सात वेळा सड्यावर, तेही एएफओ घालून. कारण तो आधार सपाट फरशीवर उत्तम, खाचखळग्यांत पाऊल कलायचं ते कलतंच. हा नमुना एका माणसाचा, पण माझ्या प्रश्नासाठी तोच माणूस महत्त्वाचा होता.

निर्णय

डाव्या पायाचं ऑपरेशन करायचं ठरवलं. सांधे न जोडता. उजवा पाय सध्या तसाच, दर वर्षी तपासून. तारीख नोव्हेंबरातली, कारण सप्टेंबर-ऑक्टोबरपर्यंत सड्यावरची फुलं संपतात आणि शेवटच्या हंगामाचा डेटा हातात येतो. प्लास्टरच्या काळात प्रबंधाची दोन प्रकरणं लिहायची असं मॅडमशी ठरलंय. त्या हसल्या. लिहून होतील असं त्यांना वाटत नसावं.

ऑपरेशनआधीच मी वहीच्या शेवटच्या पानावर यशाची व्याख्या लिहून ठेवली आहे: वर्षभरानंतरच्या पावसाळ्यात, तेवढ्याच तीन महिन्यांत, डावा पाय मुरगळण्याची संख्या निम्म्याहून कमी, आणि करंगळीखालचा घट्टा परत न येणं. आधी लिहिलं की नंतर स्वतःची फसवणूक करता येत नाही. नाहीतर एवढं सोसल्यावर माणूस 'बरंच झालं केलं ते' असंच म्हणणार. प्रयोगाआधी गृहीतक आणि मापन नोंदवून ठेवायचं, असं आपण सेमिनारमध्ये सांगतो, त्याचा अर्थ मला त्या पानावर पहिल्यांदा कळला.

हे सगळं बाबांना सांगायचं होतं. मी पेपरची प्रिंट काढून घरी नेली, आयता ठोकळा सुतारकाकांकडून आणला. बाबांसमोर त्याच्यावर उभी राहिले आणि म्हटलं, "मागून टाच बघा." त्यांनी वाकून बघितलं. बराच वेळ बघत होते. मग म्हणाले, "माझी अशी सरळ झाली असती का गं तेव्हा?"

मला माहीत नव्हतं. फाईलमध्ये तशी नोंद नाही. मी तसंच सांगितलं. त्यांनी ठोकळा उचलून कपाटावर ठेवला आणि आईला म्हणाले, "नोव्हेंबरात हिच्यासोबत मी राहीन दवाखान्यात."

तुमच्यासाठी

तुमच्या विषयातला एक मोठा, 'अमुक चांगलं की वाईट' असा प्रश्न घ्या. त्याचे चार तुकडे करा. मग एकमेकांविरुद्ध वाटणारे दोन पेपर शोधा आणि एवढंच तपासा: दोघांचे नमुने सारखे आहेत का, दोघं एकाच प्रश्नाचं उत्तर देताहेत का? निम्म्या वेळा वाद तिथेच मिटतो. उरलेल्या निम्म्यात तुमचा प्रबंध असू शकतो.

प्रश्न असतील तर नक्की लिहा. नोव्हेंबरात उत्तरं द्यायला माझ्याकडे भरपूर वेळ असेल, पाय उशीवर आणि लॅपटॉप मांडीवर. वर्षभरानंतरची मुरगळीची संख्याही इथेच सांगेन, ती कितीही आली तरी.